आरएसीने ‘असमाधानकारक’ लिहिलं, आता पुढे काय?

सुदामा नगर, इंदूर इथून एका पीएचडी विद्यार्थिनीचं पत्र आलं आहे. ते थोडक्यात असं:

“मी पर्यावरण अभियांत्रिकीत पीएचडी करते. प्रवेश जुलै २०२३ चा. घरगुती सांडपाण्यातला नायट्रोजन एसबीआर पद्धतीने (एकाच टाकीत पाणी भरणं, हवा देणं, गाळ बसवणं, वरचं पाणी काढणं अशा सायकलींनी) काढणं हा विषय. लॅबमध्ये ५ लिटरचा एकच रिअ‍ॅक्टर आहे. पहिल्या डिसेंबरात अमोनिया उतरायचा थांबला. मग १८० दिवस बाळंतपणाची रजा घेतली. परत सुरू केलं, तर दुसऱ्या डिसेंबरात पुन्हा तेच झालं, अमोनिया निघण्याचं प्रमाण ९० टक्क्यांवरून ४० वर. पाचव्या सेमिस्टरच्या आरएसीने, म्हणजे संशोधन सल्लागार समितीने, ‘प्रगती असमाधानकारक’ असा शेरा मारला. आता माझं रजिस्ट्रेशन रद्द होईल का? रजेचे दिवस धरतात का? दोन पेपर नसतील तर थीसिस घेतच नाहीत म्हणतात, हे खरं का? घरचे म्हणतात, सोडून दे. रिअ‍ॅक्टरचे आकडे सोबत जोडते.”

ताई, आकडे जोडलेत ते फार बरं केलंत. तुमचा प्रश्न नियमांचा कमी आणि रिअ‍ॅक्टरचा जास्त आहे. पण आधी नियमांचं बघू, म्हणजे रात्रीची झोप तरी लागेल.

तुमचा प्रवेश ७ नोव्हेंबर २०२२ नंतरचा असल्यामुळे यूजीसीचे, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचे, २०२२ चे पीएचडी नियम तुम्हाला लागू होतात. (आयआयटीत असतात त्यांचे नियम वेगळे, त्यांनी हा परिच्छेद स्वतःला लावून घेऊ नये.) दर सेमिस्टरला आरएसीसमोर प्रगती मांडायची हे त्यात आहेच. प्रगती समाधानकारक नसेल तर समितीने दोन गोष्टी करायच्या असतात: कारणं नोंदवायची आणि सुधारणेचे उपाय सुचवायचे. ते उपाय विद्यार्थ्याने अंमलात आणले नाहीत, तरच समिती नेमकी कारणं देऊन रजिस्ट्रेशन रद्द करण्याची शिफारस करू शकते. म्हणजे एका शेऱ्याने नाव कापलं जात नाही. पण त्या शेऱ्याखाली जे उपाय लिहिलेत ते पुढच्या बैठकीत एकेक करून विचारले जाणार, हे पक्कं समजा.

म्हणून पहिलं काम या आठवड्यातच करा: बैठकीच्या इतिवृत्ताची सही-शिक्क्याची प्रत मागून घ्या. पुष्कळदा त्यात नुसतं ‘असमाधानकारक, काम वाढवावे’ एवढंच असतं. तसं असेल तर गाइडच्या मार्फत समितीला एक पानाचं पत्र द्या आणि ‘नेमके कोणते उपाय अपेक्षित आहेत ते कळवावे, माझ्या बाजूने पुढील आराखडा सादर करत आहे’ असं लिहून खाली दिलेला आराखडा जोडा. समितीने तो मान्य केला की पुढच्या वेळी तुमचं मोजमाप त्या कागदाने होईल, कोणाच्या आठवणीने नाही.

मुदतीचं म्हणाल तर प्रवेशाच्या तारखेपासून ६ वर्षं, म्हणजे जुलै २०२९ पर्यंत. त्यापुढे री-रजिस्ट्रेशन करून जास्तीत जास्त २ वर्षं, आणि महिलांना आणखी २ वर्षांची सवलत मिळू शकते. एकूण १० वर्षांपलीकडे नाही. बाळंतपण आणि बालसंगोपन मिळून पूर्ण पीएचडीत २४० दिवसांपर्यंत रजा मिळू शकते. तुमची १८० झाली, ६० उरतात. ती रजा ६ वर्षांतून वजा होते की नाही हे तुमच्या विद्यापीठाच्या अध्यादेशावर ठरतं, म्हणून रजामंजुरीचा आदेश आणि परत रुजू झाल्याचं पत्र या दोन्हींच्या प्रती स्वतःच्या फाइलीत ठेवा. आणि एक महत्त्वाचं: आरएसीच्या फॉर्मवर ‘या कालावधीत मंजूर रजा: इतके दिवस’ अशी ओळ नसेल तर ती हाताने लिहा. पाच सेमिस्टरमधून एक अख्खं रजेचं गेलं, हे समितीतल्या बाहेरच्या सदस्याला आपोआप कळत नाही. त्याला पाच सेमिस्टर आणि एक ग्राफ एवढंच दिसतं.

आता रिअ‍ॅक्टर.

तुमचे आकडे असे: ५ लिटर कामाचं आकारमान, ६ तासांची सायकल, दर वेळी निम्मं पाणी काढणं. म्हणजे दिवसाला ४ सायकली, १० लिटर फीड (आत सोडायचं सांडपाणी). एमएलएसएस, म्हणजे मिश्रणातल्या गाळाचं प्रमाण, ३००० मिग्रॅ/लि. एसआरटी, म्हणजे गाळ आत सरासरी किती दिवस राहतो तो काळ, १५ दिवस ठेवायचा म्हणून तुम्ही रोज ३३३ मिलि मिश्रण काढून टाकता. ५००० भागिले १५, गणित बरोबर. पण बाहेर पडणाऱ्या पाण्यात ४० मिग्रॅ/लि. निलंबित घन आहेत, असं तुम्हीच तक्त्यात लिहिलंय. १० लिटर गुणिले ४०, म्हणजे रोज ४०० मिग्रॅ गाळ तिथूनही पळतो. रिअ‍ॅक्टरमध्ये एकूण १५ ग्रॅम गाळ. जातो किती? ३३३ मिलिमधून १ ग्रॅम आणि पाण्याबरोबर ०.४ ग्रॅम. १५ भागिले १.४ म्हणजे १०.७ दिवस. कागदावर १५, प्रत्यक्षात पावणेअकरा.

उन्हाळ्यात हे खपून जातं. अमोनियाचं नायट्रेट करणारे नायट्रिफायर जीवाणू हळू वाढतात, पण २८–३० अंशांवर पावणेअकरा दिवस त्यांना पुरतात. इंदुरातल्या डिसेंबरच्या रात्री लॅबमधलं पाणी १५ अंशांकडे उतरलं की त्यांची वाढ निम्म्याहूनही कमी होते. १० अंशांमागे निम्मा वेग असा ढोबळ हिशेब धरा. वाढण्याआधीच ते धुऊन बाहेर जातात. सीओडी, म्हणजे सेंद्रिय प्रदूषणाचं माप, मात्र छान उतरत राहतो, कारण तो खाणारे जीवाणू भराभर वाढणारे. म्हणून महिनाभर कोणाच्या लक्षात येत नाही. दोन्ही वेळा डिसेंबरच निघाला, हा योगायोग नाही.

दुरुस्ती सोपी आहे. खरा एसआरटी १५ हवा तर रोज एकूण १ ग्रॅमच गाळ जायला हवा. ०.४ पाण्यातून जातोच, म्हणून हाताने काढायचा ०.६ ग्रॅम, म्हणजे २०० मिलि. एमएलएसएस आणि बाहेरच्या पाण्यातले घन आठवड्यातून तीनदा मोजा आणि काढायचं प्रमाण दर आठवड्याला बदला. ३३३ हा आकडा वर्षभर तोच ठेवायचा नसतो.

दुसरा घोळ अल्कलिनिटीचा, म्हणजे पाण्याच्या आम्ल पेलण्याच्या क्षमतेचा. फीडमध्ये एकूण नायट्रोजन ५० मिग्रॅ/लि. त्यातला साधारण १० नव्या गाळाच्या पेशींत बांधला जातो (गाळाच्या सेंद्रिय भागात सुमारे १२ टक्के नायट्रोजन असतो). उरलेल्या ४० चं नायट्रिफिकेशन व्हायचं तर दर मिग्रॅला ७.१४ मिग्रॅ अल्कलिनिटी खर्च होते, म्हणजे २८६. शेवटी किमान ८० शिल्लक हवी. एकूण ३६६, आणि तुमच्या फीडमध्ये आहे २५०. ११६ कमी. एक मिग्रॅ अल्कलिनिटीसाठी १.६८ मिग्रॅ सोडियम बायकार्बोनेट लागतं, म्हणजे लिटरमागे सुमारे १९५ मिग्रॅ, दिवसाच्या १० लिटरला जेमतेम २ ग्रॅम. डीनायट्रिफिकेशनमध्ये (नायट्रेटचा नायट्रोजन वायू होताना) काही अल्कलिनिटी परत मिळते, पण ती हिशेबात न धरता वरकड समजा. तुम्ही पीएच मोजलात सायकलच्या सुरुवातीला, तेव्हा तो ७.४ दिसतो. वायुवीजन संपताना मोजा. ६.८ च्या खाली गेला असेल तर दुसरं कारणही हाती लागलं.

थंडीसाठी माशांच्या टाकीचा थर्मोस्टॅटवाला हीटर आणि प्लास्टिकचा टब पुरे. रिअ‍ॅक्टर त्या पाण्यात उभा करा, २५ अंशांवर. तापमान रोज वहीत. हवेच्या पंपाला इन्व्हर्टरची लाइन घ्या. आणि दिवाळीच्या किंवा रंगपंचमीच्या गेरीच्या (इंदूरच्या मिरवणुकीच्या) सुट्टीत लॅबचा मेन स्विच बंद करून जाणारे महाभाग प्रत्येक कॉलेजात असतात. स्विचबोर्डावर नाव आणि फोन नंबर लिहून चिकटवा. दोन दिवस हवा बंद राहिली की गाळ काळा पडून सडक्या अंड्यासारखा वास येतो आणि मग तीन आठवडे गेले. लांबची सुट्टी असेल तर गाळ खाली बसवून वरचं पाणी काढा आणि फ्रिजमध्ये ४ अंशांवर ठेवा. परत आल्यावर पहिले काही दिवस निम्मं फीड.

आता मुख्य दुखणं. तुमच्या सिनॉप्सिसमध्ये, म्हणजे मंजूर संशोधन आराखड्यात, तीन एसआरटी (१०, १५, २० दिवस) आणि प्रत्येकी तीन सीओडी–नायट्रोजन गुणोत्तरं आहेत. नऊ प्रयोग. हे लिहिताना दिवस कोणी मोजले का? परिस्थिती बदलल्यावर रिअ‍ॅक्टर स्थिर व्हायला किमान तीन एसआरटी लागतात, त्यानंतर तीन आठवड्यांचा डेटा. म्हणजे १० दिवसांच्या एसआरटीला एका प्रयोगामागे ५१ दिवस, १५ ला ६६, २० ला ८१. तिन्ही गुणोत्तरांचे मिळून एका रिअ‍ॅक्टरवर ५९४ दिवस, तेही एकदाही न बिघडता. वीस महिने! सेमिस्टरमध्ये १८० दिवस. एका सेमिस्टरात फार तर दोन-तीन बिंदू मिळणार, आणि समिती विचारणार ‘एवढंच?’ दोष आळसाचा नाही. आरएसीचं घड्याळ सहा महिन्यांचं आणि गाळाचं घड्याळ एसआरटीचं, ही दोन घड्याळं सिनॉप्सिस मंजूर करताना कोणी जुळवली नाहीत, एवढंच.

म्हणून एकाऐवजी तीन रिअ‍ॅक्टर लावा, पण ५ लिटरचे नको. तीन गुणिले १० म्हणजे रोज ३० लिटर सिंथेटिक सांडपाणी बनवत बसाल. बहुतेकांचं काम तिथेच ढासळतं. २ लिटरचे करा. ८ सेंटिमीटर आतल्या व्यासाच्या ॲक्रिलिक नळीत ४० सेंटिमीटर उंचीला २ लिटर होतात. वर १५ सेंटिमीटर मोकळी जागा ठेवा, फेस येतो. तिघांना मिळून रोज १२ लिटर फीड, ते दोन दिवसांचं एकदम बनवून थंड ठेवता येतं. लहान रिअ‍ॅक्टरमध्ये सॅम्पल काढणं म्हणजेच गाळ काढणं, हे विसरू नका: एमएलएसएससाठी घेतलेले ५० मिलि रोजच्या कोट्यातूनच धरा, वरून नाही.

प्रत्येक रिअ‍ॅक्टरचा एसआरटी कायम ठेवा आणि फक्त गुणोत्तर बदला. सगळ्यात सावकाश २० दिवसांचा, त्याचे तीन प्रयोग २४३ दिवसांत. समितीकडून मधलं गुणोत्तर गाळून घेतलंत तर दोन प्रयोग, १६२ दिवस. तेवढं एका सेमिस्टरात बसतं. उद्दिष्टात असा बदल करायचा तर आरएसीची लेखी मंजुरी घ्या. तोंडी ‘हो, करा’ थीसिस जमा करताना कामी येत नाही. आणि मागताना ‘वेळ कमी आहे’ असं म्हणू नका. वरचा ५९४ चा हिशेब मांडा. अभियंत्यांच्या समितीला आकडा पटतो, अडचण पटत नाही.

सुरुवातीला घालायचा बीजगाळ कबीटखेडीच्या २४५ एमएलडी (रोज २४५ दशलक्ष लिटर) एसटीपीतून, म्हणजे सांडपाणी शुद्धीकरण केंद्रातून, घेणं सोयीचं, तोही एसबीआरच आहे. नगर निगमची परवानगी गाइडच्या लेटरहेडवर आधीच मागून ठेवा, पत्र फिरण्यात दिवस जातात. गाळ वायुवीजन चालू असताना घ्या, जेरीकॅन दोन-तृतीयांशच भरा, झाकण घट्ट लावू नका आणि दोन तासांत लॅबमध्ये हवेवर लावा. केस आणि कचरा काढायला १–२ मिलिमीटरच्या चाळणीतून गाळून घ्या, नाहीतर लहान नळ्या तुंबतात. खऱ्या सांडपाण्यावरचा पडताळणीचा प्रयोग जूनच्या मध्याआधी उरका. पाऊस सुरू झाला की नाल्यांत पाणी मिसळून सांडपाणी पातळ होतं आणि तुमचं गुणोत्तर हातचं जातं.

सहाव्या सेमिस्टरच्या बैठकीत चाळीस स्लाइडचा साहित्य आढावा नको. बारा स्लाइड पुरेत. त्यात सुरुवातीला एक तक्ता: मागच्या वेळी सुचवलेला उपाय, काय केलं, पुरावा कुठल्या पानावर. मग दोन डिसेंबरांचं विश्लेषण: तापमान, खरा एसआरटी आणि बाहेरचा अमोनिया एकाच ग्राफवर. बिघाडाचं कारण आकड्यांनी दाखवलंत तर ते वाया गेलेलं वर्ष राहत नाही, थीसिसचा एक प्रकरणभर मजकूर होतो. मग नायट्रोजनचा ताळेबंद मांडा: आत किती, बाहेर अमोनिया-नायट्राइट-नायट्रेट किती, गाळात किती, आणि फरक वायुरूपाने गेला असं धरायचं. ताळेबंद नसलेला ‘९२ टक्के निष्कासन’ हा आकडा जाणता परीक्षक मानत नाही. जाता जाता एक खाच: नायट्राइट साठलं असेल तर ते सीओडी चाचणीत मोजलं जातं, दर मिग्रॅ नायट्राइट-नायट्रोजनमागे सुमारे १.१ मिग्रॅ. तेवढं वजा करा किंवा सल्फॅमिक ॲसिड घाला. बीओडी (जीवाणूंना लागणाऱ्या ऑक्सिजनचं माप) देत असाल तर २७ अंशांवर ३ दिवसांचा की २० अंशांवर ५ दिवसांचा, हे प्रत्येक तक्त्यावर लिहा.

वहीबद्दल थोडं. लॅबची वही तारीखवार, शाईने, पान न फाडता. दर पंधरवड्याला गाइडची सही. नापास झालेलं रीडिंगही त्यात हवं. संगणकातल्या फाइलवर समितीचा विश्वास बसत नाही असं नाही, पण वही दाखवली की चर्चा ‘काम केलं का’ वरून ‘कामात काय निघालं’ वर येते.

जेआरएफ (कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्तीधारक) असाल तर आणखी एक. १ जानेवारी २०२३ पासून महिना जेआरएफ ३७,००० आणि एसआरएफ (वरिष्ठ शिष्यवृत्ती) ४२,००० रुपये आहे, पण दोन वर्षांनंतरची ही बढती मूल्यमापनावर होते. ते मूल्यमापन बाकी असेल तर सुधारित आराखडा मंजूर झाल्यावरच बैठक मागा, आत्ताच्या शेऱ्यावर नको.

एम.टेक. करणाऱ्या वाचकांनीही वरचा दिवसांचा हिशेब करून बघावा. तुमच्याकडे प्रबंधाला दोनच सेमिस्टर, आणि गेटची १२,४०० ची शिष्यवृत्ती २४ महिन्यांनी थांबते. २० दिवसांच्या एसआरटीचा विषय गाइडने सुचवला तर तिसरं सेमिस्टर सुरू व्हायच्या आधीच रिअ‍ॅक्टर चालू करा, नाहीतर अधिशोषणासारखा (प्रदूषक एखाद्या पदार्थाच्या पृष्ठभागावर चिकटवून काढण्याचा), तासाभरात एक बिंदू देणारा विषय घ्या. त्यात कमीपणा काही नाही.

पेपरचं: २०१६ च्या यूजीसी नियमांत थीसिसआधी एक शोधनिबंध आणि परिषदांत दोन सादरीकरणं सक्तीची होती, २०२२ च्या नियमांत ती सक्ती नाही. पण विद्यापीठ आपल्या अध्यादेशात ती ठेवू शकतं, आणि बरीच ठेवतात. तेव्हा शोधकक्षातून तुमच्या बॅचचा अध्यादेश मागून वाचा. सीनियरचं ऐकीव चालत नाही. सक्ती नसली तरी एक चांगला पेपर असलेला बरा, थीसिसच्या परीक्षकाचं अर्धं काम हलकं होतं. खऱ्या एसआरटीचा आणि थंडीचा तुमचा डेटा नीट मांडला तर तोच पहिला पेपर. ‘यूजीसी केअर लिस्टेड, चार दिवसांत प्रकाशन’ असे मेल येतील. मान्य नियतकालिकांची ती यादी यूजीसीने २०२५ मध्ये बंद केली आहे, त्यामुळे हे बिरुद आता कशाचंच प्रमाण नाही.

आणि सोडून देण्याबद्दल. कोर्सवर्क झालंय, मुदत २०२९ पर्यंत आहे, बिघाडाचं कारण २०० मिलि आणि २ ग्रॅममध्ये सापडलंय. या तीन गोष्टी असताना सोडू नका. मात्र समितीने तीन रिअ‍ॅक्टरही नाकारले आणि प्रयोगही कमी करू दिले नाहीत, तर नऊच्या नऊ प्रयोग एका रिअ‍ॅक्टरवर ओढत बसू नका; तेव्हा गाइडना सोबत घेऊन विभागप्रमुखांकडे विषयबदलाचा अर्ज करा. फेब्रुवारीत अर्ज केला तर उन्हाळ्यात निकाल लागतो, जुलैत केला तर आणखी एक डिसेंबर डोक्यावर येतो.